तुटलेल्या लाइनवरची शिट्टी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. नातवंडांनी भुताची गोष्ट मागितली की मी दुसरीच कुठली तरी सांगून वेळ मारून न्यायचो. भूतखेत मी कधीच मानलं नाही... अंगात आलेल्या बाईला आधी थर्मामीटर लावा म्हणणारा मी माणूस. पण आता वय झालं. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव तेर स्टेशनाच्या अलीकडं, छोट्या लाइनला लागून. गाडी अशी, की चढावर माणूस खाली उतरून, चिंचा पाडून परत त्याच डब्यात चढायचा. पण आमची दूध सोसायटी तिच्याच जिवावर उभी होती. मोठ्या दुष्काळानंतर घरोघरी म्हशी आल्या आणि मी चेअरमन झालो. दुपार कलल्यावर गाडी वळणावर शिट्टी देऊन पुढं जायची, तेव्हा बाया धारेला बसायच्या. परत येताना तीच गाडी दुधाचे कॅन न्यायची. पुढं पुढं म्हशींनाच सवय लागली... शिट्टी ऐकल्याशिवाय पान्हा सोडायच्या नाहीत!

एका उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं. पत्रे उडाले, आणि ओढ्याला असा लोंढा आला की रुळांखालचा भरावच वाहून गेला. रूळ हवेत लोंबत राहिले, धुणं वाळत घालायच्या दोरीसारखे. गाडी बंद. इंजिनं कुर्डूवाडीला नेली. रस्त्यात गुडघाभर चिखल, एसटी येईना. त्यात शिट्टी नाही म्हणून म्हशी दूध चोरायला लागल्या.

लिंबाजी माझा शाळेपासूनचा सोबती, लाइनवर हंगामी गँगमन. तोंडानं इंजिनाची शिट्टी हुबेहूब काढायचा. बायांनी त्याला गोठ्यागोठ्यातून फिरवला. म्हशी मान वळवून त्याच्याकडं बघायच्या आणि पुन्हा रवंथ करायच्या. फसली फक्त माझी बायको... रिकामा कॅन घेऊन स्टेशनापर्यंत जाऊन आली.

मग बातमी आली, की रेल्वेचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार. लाइन दुरुस्त करायची की कायमची उखडायची, ते त्यांच्या रिपोर्टवर ठरणार होतं. लाइन गेली असती तर सोसायटीही गेली असती.

साहेब आले. दुपार कलली होती, ऊन लख्ख होतं. साहेब तुटक्या भरावाच्या टोकावर उभे, मागं मी, माझ्या शेजारी लिंबाजी आणि त्याच्या गँगचे लोक. तेवढ्यात वळणावरून शिट्टी आली – लांबलचक, शेवटी जरा चिरकणारी, आमच्या गाडीची. साहेबांनी मागंपुढं न बघता ओढ्यात उडी घेतली. कमरेपर्यंत चिखलात रुतले. टोपी वाहत गेली. गँगमधले लोक तोंड फिरवून हसायला लागले.

"कुणी वाजवली?" साहेब खालूनच ओरडले. "गावाला मस्करी सुचते ना? मग लाइन कशाला पाहिजे?"

सोसायटी डोळ्यांसमोर बुडताना दिसली, आणि मी लिंबाजीकडं बोट केलं. "हा तोंडानं वाजवतो, साहेब."

लिंबाजीनं आधी शांतपणे गालातली तंबाखू थुंकली. "बाळ्या, तोंडात ही एवढी तंबाखू व्हती की माझ्या."

साहेबांनी त्याला तिथंच कामावरून काढला.

मी घरी आलो तर बायको अंगणात उभी. "गाडी सुरू झाली का हो? म्हशींनी असं दूध दिलंय, भांडी पुरंनात."

मी ओट्यावर बसूनच राहिलो. गावातल्या एकूण एक म्हशीनं पान्हा सोडला होता. लिंबाजीच्या शिट्टीला ज्या ढिम्म हलल्या नव्हत्या, त्याच म्हशी.

अंधार पडायच्या आत लिंबाजी आला. शाळेपासून मला बाळ्या म्हणणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"चेअरमनसाहेब, साहेब अजून विश्रामगृहावर हायती. तुमी सांगा त्यास्नी, म्या न्हाय वाजवली. म्हशी साक्षीला हायती."

"म्हशींची साक्ष धरंल का साहेब? गाव येडं म्हणंल आणि बंद करंल लाइन. आधी दुरुस्ती होऊ दे... मग सांगतो."

"बरं," एवढंच म्हणाला.

लाइन दुरुस्त झाली. सोसायटी वाचली. मी काही सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकललं. शिट्टीचा मात्र मी पुष्कळ शोध घेतला. इंजिन कुर्डूवाडीहून हललंच नव्हतं. वाऱ्याचा आवाज म्हणावा, तर त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. सायन्सच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, भास असेल. भास माणसांना होतो, मास्तर... गावभरच्या म्हशींना एकाच वेळी कसा होईल? आज तिथून मोठी गाडी जाते, पण उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

लिंबाजीला पुन्हा कामावर घेतलं नाही. लाइन सुरू झाल्यावर तो लेकीकडं लातूरला राहायला निघाला, त्याच गाडीनं. मी वाक्य पाठ करून स्टेशनावर गेलो. तो खिडकीत बसला होता, गालात तंबाखू. मी गजाला धरून म्हणालो, "लिंब्या, त्या दिवशी माझं..." आणि इंजिनानं शिट्टी दिली. तीच, शेवटी चिरकणारी. लांब गावात म्हशी हंबरल्या.

शिट्टी थांबली. लिंबाजीनं कानामागं हात धरून विचारलं, "काय म्हणलात, चेअरमनसाहेब?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "नीट जावा म्हणलं."