मोहाच्या मुळाशी

“मोहाले दूध घालून राह्यली वो, टाइपवाली बाई. लेकरू गेलं असन तिचं.”

“कोनाले सांगतलं काऊन नाई मंग?”

“सांगाची गोष्ट हाय का हे? पोट घेऊन गेली होती, रिकामी आली. दिसत नाई का तुले?”

मी सागाच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात उभी होते. हातात पितळेची रिकामी वाटी होती आणि पदर अजून नीट घ्यायचा होता. बोलणाऱ्या दोघी थप्पीच्या पलीकडे बसून लाकडांची साल काढत होत्या. त्यांना मी दिसत नव्हते. मला त्या लाकडांच्या फटीतून थोड्या थोड्या दिसत होत्या. एकीचे गोंदलेले हात, आणि दुसरीच्या मांडीवर झोपलेलं मूल.

माझी मुलगी गेली नव्हती. ती गडचिरोलीला माझ्या आईजवळ होती. त्या फटीतून एवढंच म्हणायचं होतं. मी वाटी पदराखाली धरली आणि दुसऱ्या बाजूने ऑफिसात परत गेले.

चांद्याच्या स्टेशनाजवळ एका लाकूड ठेकेदाराचा डेपो होता, तिथे मी टाइपिस्ट होते. रेल्वेकडे वॅगनी मागायची, जंगल खात्याला उत्तरं द्यायची पत्रं इंग्रजीत जात, आणि ठेकेदाराला स्वतःला इंग्रजी सहीपुरतंच येत होतं. मी नागपूरला सिस्टरांच्या शाळेत बोर्डिंगमध्ये राहून शिकले. तिथे ताठ बसायला शिकवलं आणि विचारल्याशिवाय बोलू नये हेही शिकवलं. घरची बोली तिथेच सुटली. सुटीत गडचिरोलीला गेले की आई ‘मले’ म्हणायची आणि मी ‘मला’ म्हणायची, आणि दोघींनाही त्याची थोडी लाज वाटायची.

बाळंतपणाला मी आईकडे गेले होते. रजा संपली त्याच आठवड्यात मुलीला खोकला झाला. “इतक्या दूर कशी नेतं इले? आठ दिवसानं तुहे बाबा घेऊन येतेत,” आई म्हणाली. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. घाटापर्यंत बस, मग डोंगा, मग पलीकडे दुसरी बस. मी डोंग्यात बसले तेव्हा आई मुलीला खांद्यावर घेऊन काठावर उभी होती. मुलीचं तोंड पलीकडे होतं. मला फक्त तिचं टोपडं दिसत राहिलं. डोंगेवाल्याने बांबू टेकवून डोंगा वळवला, तेव्हा तेही दिसेनासं झालं.

त्यानंतर वर कुठेतरी जंगलात पाऊस लागला आणि नदी चढली. डोंगे बंद झाले. आठ दिवसांचा महिना होत आला, तरी बंदच होते. हे नागपूरला परीक्षेचा अभ्यास करत होते. चांद्याच्या घरात मी आणि यांची म्हातारी आत्या, अशा दोघीच. आत्याबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पिणारं तोंड नसलं का दूध परतते. काढत राह्य. नाई तं पोरगी येईन अन् तुह्यापाशी काई नसन तिच्यासाठी.”

मला त्या महिन्यात दुसरी कसलीही भीती वाटली नाही, फक्त हीच. पोरगी येईल आणि माझ्यापाशी काही नसेल. आई तिला शेळीचं दूध पाजत होती. ती मला ओळखणार नाही, हे मी मनात धरूनच चालले होते. पण छातीशी घेतल्यावर तरी ओळखेल, असं वाटायचं. म्हणून ते दूध टिकवायचं होतं.

सकाळ-संध्याकाळ घरी अडचण नव्हती. दुपारचं काय करायचं, ते कळत नव्हतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मुनशीजी आणि लारीचे ड्रायव्हर बसायचे. आतल्या खोलीत मी, टाइपरायटर आणि अंगणाकडे उघडणारी बिनपडद्याची खिडकी. बाईमाणसासाठी वेगळी अशी काहीच सोय नव्हती. डेपोत मजूर बाया होत्या, पण त्यांना सोय लागते असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मुलं त्या बरोबर आणत. मोहाच्या झाडाला लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या असत. मूल रडलं की आई साल काढायची थांबवून तिथेच झाडाखाली बसे, मूल पाजे आणि परत कामाला लागे. कुणी त्यांच्याकडे बघत नसे. मी बघत असे, खिडकीतून. मूल रडलं की माझा ब्लाउज भिजे. मी पदर ओढून घेई आणि टाइप करत राही.

आईने माझ्या ट्रंकेत चुकून मुलीचं एक दुपटं भरलं होतं. पहिले काही दिवस त्याला तिचा वास होता. पुढे मी त्याचे तुकडे करून ब्लाउजमध्ये घालू लागले, कारण दुसरं मऊ कापड घरात नव्हतं. धुतल्यावर वास गेला. तो जाणार हे मला माहीत होतं, तरी मी ते धुतलं.

आधी मी सामानाच्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथे दोर, डांबराचे डबे आणि लाकडांवर ठसा मारायचे हातोडे असत. दाराला कडी नव्हती. मी दाराला पाठ लावून बसायची. दोन-तीन दिवस निभलं. एका दुपारी चौकीदाराने बाहेरून दार लोटलं.

“कोन हाय वो आत?”

“मी,” मी म्हणाले. पुढे काय म्हणावं ते सुचेना. हाताला लागलं ते दोराचं वेटोळं उचललं आणि ते घेऊन बाहेर आले. मुनशीजींनी चष्म्यावरून आधी दोराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“बाई, दोराचं काय काम पडलं तुमाले? मशीन बांधून ठेवता का? पळून-बिळून जाते का काय ते?”

ड्रायव्हर हसले. मी दोर टेबलावर ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता, आणि मी त्याच्या बाजूला बसून वॅगनींची पत्रं टाइप केली.

त्यानंतर मी थप्प्यांच्या मागे जाऊ लागले. सागाच्या थप्प्या माणसापेक्षा उंच असतात, आणि दोन थप्प्यांमध्ये हवा खेळावी म्हणून अंतर ठेवतात. तिथे उभं राहून दूध वाटीत काढायचं. आईने लहानपणापासून एक सांगितलेलं होतं, दूध पायाखाली येऊ देऊ नये. बोळाच्या टोकाला झोळ्यांच्या त्याच मोहाची मागची बाजू येई. मी वाटी त्याच्या मुळाशी रिकामी करी, आजूबाजूला पाहून. कुणी पाहिलं नाही असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना विचारलं, “मोहाच्या झाडाला कुणी दूध घालतं का?”

त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “रानाकडले लोक पिणारं लेकरू गेलं का मोहाखाली पुरतेत, माय तिथंच आपलं दूध घालते. मोहाले दूध असते म्हनतेत. झाड त्याले उपाशी ठेवत नाई. काऊन?”

“काही नाही.”

“काई नाई तं तोंड कायले उतरलं तुहं?”

मी चुलीपाशी गेले. त्या बायांचं चुकलं कुठे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला वैशाखात पोट घेऊन जाताना पाहिलं होतं. शेतातला भाताचा रोवणा आटपून त्या परत डेपोत आल्या, तेव्हा मी एकटी होते. आई आहे आणि मूल आहे, पण दोघं दोन ठिकाणी आहेत, असं त्यांच्यात कधी घडत नव्हतं. मूल असतं तर ते झोळीत असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या बोळाशी गेले आणि थांबले. बोळ झाडून काढलेला होता. एका थप्पीला टेकून कापलेल्या लाकडाची रुंद फळी ठेवली होती, बसण्यासारखी. बोळाच्या तोंडाला बांबूची तट्टी बांधली होती. बाया पलीकडे साल काढत होत्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी येताना त्यांचं बोलणं थांबलं, आणि आत गेल्यावर हलक्या आवाजात परत सुरू झालं.

इतके दिवस मी जी जागा शोधत होते तीच होती ती. थंड, आडोशाची, लाकडाच्या वासाची. मी फळीवर बसले. महिन्याभरात पहिल्यांदाच घाई न करता बसले. आणि बसल्याबरोबर आठवलं, ही जागा आपल्याला मूल गेलेली बाई म्हणून मिळाली आहे.

उठून बाहेर जावं आणि सांगावं, असं रोज मनात येई. पण सांगायचं म्हणजे मी इथे काय करते ते त्यांनी पाहिलंय, हे मान्य करायचं. शिवाय ‘लेकरू गेलं’ हे त्यांचं वाक्य आता तोंडावर ऐकायची मला भीती वाटत होती. आईकडून काही निरोप नव्हता. खोकल्याचं काय झालं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. मी मोहाला दूध घालणं बंद केलं. वाटी नालीच्या वाहत्या पाण्यात रिकामी करू लागले. गोंदलेल्या हातांच्या बाईने ते पाहिलं. बाया आता झोळीतली मुलं मी जवळून जाताना चटकन गप्प करत. मला ती रडायला हवी होती.

लारीचे ड्रायव्हर आले की मुनशीजी विचारत, “घाटावर कसं हाय रे?” मी बोटं उचलून थांबे.

“कालच्यानं उतरलं होतं, रातीच्यानं मंग चढलं. डोंगेवाले ताश खेळून राह्यले काठावर.”

“मशीन काऊन थांबली, बाई?” मुनशीजी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारत.

मी पुन्हा टाइप करायला लागे.

एक दिवस घाटाकडून आलेल्या ड्रायव्हरने मुनशीजींना सांगितलं, पाणी आता उतरतंय, आभाळ मोकळं राहिलं तर दोन-चार दिवसांत डोंगा सुटेल. मी बोळात गेले. पूर्वी दूध वाटीच्या काठापर्यंत येत असे. त्या दिवशी तळ झाकला आणि थांबलं. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. हात दुखले. नदी ओसरत होती आणि दूधही ओसरत होतं, आणि आधी कोणतं संपेल ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तट्टीपाशी कुणीतरी खाकरलं.

“बाई, आत येऊ का?”

गोंदलेल्या हातांची ती बाई होती. तिच्या हातात एक मूल होतं, आणि ते रडत होतं, बराच वेळ रडल्यावर आवाज बसतो तसं. मी पदर ओढला. ती खाली मातीत बसली, माझ्या पायांपाशी, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये.

“रागवू नोका, बाई. हा माह्या भाचीचा. तिले हिवताप भरला, तिकडं शेडात पडली हाय. दूधच नाई उतरून राह्यलं. सकाळपासून पाण्यावर हाय लेकरू.” तिने मुलाची कुंची सारखी केली. “तुमचं तं नालीत जाते. मी डोयानं पायतो रोज. तुमच्या लेकराले मोह पाजन, त्याले काई कमी नाई पडाचं. तुमी याले पाजा.”

मुलाने तोंड उघडलं आणि पुन्हा तो बसलेला आवाज काढला. ब्लाउजमधला दुपट्याचा तुकडा एकदम भिजला. आदल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम झाकला होता, आणि आता ते आपण होऊन वाहत होतं. माझे हात पुढे गेले. मुलाचं वजन जवळजवळ माझ्या हातात आलं होतं. कुंची घामाने ओली होती. इतके दिवस कुठल्याच मुलाला मी हात लावला नव्हता.

ती बाई मूल सोडत होती, पण वर बघत नव्हती. तिच्या लेखी ती एका मूल गेलेल्या बाईच्या हातात मूल देत होती, आणि ते तिने किती धीर करून ठरवलं असेल ते तिच्या मानेवरून दिसत होतं. नाही म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. पण काही न बोलता घेतलं असतं, तर तिचं म्हणणं माझ्या हाताने खरं झालं असतं.

थप्पीपलीकडे साल काढण्याचा आवाज थांबला होता. मी मूल छातीशी घेतलं. मी बोलले तेव्हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, इतका मोठा होता, आणि शब्द आले ते माझ्या आईचे.

“याले पाजतो मी, बाई, रोज पाजतो. पण माही पोरगी हाय. जिती हाय. नदीपल्याड माह्या मायजवळ हाय, अन् पानी उतरलं का मी तिले आनाले जानार हाय.”