वरच्या मजल्यावरचे बर्फवेडे

सिंगापुरात बुकित पंजांगला आमच्या वरच्या मजल्यावर एक नागपूरकर इंजिनिअर राहतात. अंगातून घामाच्या धारा वाहत असतानाही ते बोलतात बर्फाबद्दलच. सरावासाठी स्कीचे जड बूट घालून रोज चौदा मजले चढतात आणि जिन्यात भेटले की धापा टाकत सांगतात, "वहिनी, एप्रिलचा बर्फ म्हणजे सकाळी काच, दुपारी खिचडी!"

यंदा ते जपानला गेले. तिथल्या ज्या डोंगरावरून त्यांना स्कीवर घसरत उतरायचं होतं, तिथे वर नेणारा तारेवरचा पाळणा नाही, पायीच चढावं लागतं. परवा परतले तेव्हा नाक सोललेलं, पण चेहरा नुसता फुललेला.

"सर केलात ना डोंगर?" मी विचारलं.

"अर्ध्यातून परतलो. ऊन तापलं, बर्फ भिजायला लागला. वरचा थर कधीही सुटला असता. बरोबरचे दोघं चिडले, पण त्यांनाही खाली आणलं."

"मग वर्षभराची तयारी वाया?"

"छे हो! गावाजवळच्या छोट्या उतारावर गेलो. शाळकरी पोरांबरोबर दिवसभर घसरलो. सव्वीस वेळा पडलो!"

कसे पडले हे दाखवायला त्यांनी लिफ्टसमोरच फतकल मारली. हसता हसता मीही शेजारी बसले. लिफ्ट आली, उघडली आणि आमच्याविनाच निघून गेली.