पदराला लागलेला वास

सांगू की नको, सांगू की नको करत महिना काढला. पण आता अख्ख्या चाळीला कळलंच आहे, तर माझ्या तोंडून तरी नीट ऐका. माझी जी वाट लागली ना, तशी दुश्मनाचीही न लागो!

आमचा नवरा रिक्षा चालवतो. बावीस वर्षं तो प्यायचा आणि बावीस वर्षं मी दारात उभी राहून त्याचं तोंड हुंगायची. "हाऽ करा!" एवढंच म्हणायचं. देशी की इंग्लिश, एक पेग की चार, सगळं नाकाला कळायचं. वर बडीशेप खाऊन आला तर विचारूच नका. बडीशेपेचा वास म्हणजे गुन्हा कबूल!

नऊ महिन्यांपूर्वी त्याने देवापुढच्या नारळावर हात ठेवून सोडली. शेजारची सुमन साक्षीला होती. पण सोडताना त्याने अट घातली, "ज्या दिवशी तुझ्या तोंडाक वास येतलो, त्या दिवशी माझी शपथ सुटली!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझ्या तोंडाला? मी खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून पिते!

हसले. तिथेच चुकले.

अंधेरीला मी एका सरांकडे स्वयंपाक करते. सर एकटेच. व्हिस्की चाखायची आणि कशी लागली ते लिहायचं, हा त्यांचा धंदा. लोक पैसे देतात त्याचे! तेच काम मी घरात बावीस वर्षं फुकट केलं.

त्या दिवशी सर सर्दीने बेजार. "मावशी, वाचवा! आज लिहून द्यायचंय आणि मला फिनेलचासुद्धा वास येत नाहीये."

टेबलावर तीन ग्लास. राय नावाचं कुठलंसं परदेशी धान्य, त्याची दारू, लाकडी पिपात कित्येक वर्षं मुरवलेली. दोन महागड्या, एक स्वस्तातली. कुठली कुठे, ते सांगणार नाही म्हणाले. "तुम्ही फक्त वास घ्या."

घेतला. "पहिलीत नुसतं सेंट मारलंय. दुसरी गोडमिट्ट. तिसरी... थांबा जरा. लवंग. मिरी. जुन्या कपाटाचं लाकूड."

सर खुर्चीतून उठलेच. "मावशी, इतके दिवस होतात कुठे?"

"तुमच्याच किचनमध्ये!"

आता इथे गप बसावं की नाही? पण कौतुक ऐकलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. नुसत्या वासावर आमटीचं मीठ कळतं का? चाखायला नको? मग आमटी चाखते तशीच चाखली. तळहातावर चार थेंब, जीभ लावली, हात पदराला पुसला. पहिली, दुसरी, तिसरी. मग परत तिसरी. परत पहिली. घशात आग, कानात आग, पण निकाल लावल्याशिवाय मी सोडते की काय!

"तिसरी एक नंबर. तिखट आहे, पण खोटी नाही."

तीच स्वस्तातली निघाली! सर टाळ्या वाजवतायत आणि मी पुरीसारखी फुगलेली.

खाली आले तरी तोंडाची चव जाईना. मग मी काय केलं असेल? बडीशेप खाल्ली! मूठभर! हसू नका.

मेट्रोत शेजारची पोरगी उठून उभी राहिली. मला वाटलं, वयाचा मान. मग पलीकडचाही उठला. म्हटलं, वा, मुंबई सुधारली! घाटकोपरपर्यंत ऐसपैस बसून आले.

दुपारचे तीन. नवरा दारात बसलेला, सुमन पापड वाळत घालतेय.

"खंय होतंस गो?" म्हणत तो उठला आणि तिथेच थांबला. नाक वर केलं.

"हाऽ कर."

"मला सांगताय?"

"कर म्हणतंय ना!"

केलं.

"बडीशेप," तो हळूच म्हणाला. सुमनच्या हातातला पापड पडला. मग त्याने माझा पदर उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले. "लवंग... मिरी... जुनं लाकूड. म्हागातली न्हय. पण बरी आसा."

अगं बाई, मी सरांना सांगितलं ते शब्दाला शब्द!

"अहो, मी प्यायले नाही, नुसती चाखली!"

"मी पण बावीस वर्षा ह्याच सांगत होतंय."

खिळ्यावरची रिक्षाची चावी काढली आणि गेला निघून.

मी उंबऱ्यावर बसले. आठ महिन्यांत घरात एक ताट आपटलं नव्हतं. आमची पोरगी मैत्रिणीकडे पळायचं सोडून घरातच अभ्यासाला बसत होती. ते सगळं मी तळहातावर घेऊन चाटून टाकलं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर झिंज्या उपटल्या असत्या. स्वतःच्या कशा उपटणार?

"ताई, चहा टाकू?" सुमन म्हणाली.

"विष टाक."

अर्ध्या तासाने रिक्षा वाजली. उठले, दारात उभी राहिले. "हाऽ करा."

त्याने केलं. लिंबू सरबत! नुसतं लिंबू सरबत!

"दुकानापर्यंत गेल्लंय," तो खाली बघत म्हणाला. "पैसे पण भायर काढलंय. मगे म्हटलंय, दोघांनी पिली तर दारात वास घेवक उभो कोण रवतलो?"

सुमनसमोर रडले. पहिल्यांदाच.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला तो दारात उभा असतो. कमरेवर हात, भुवया वर, हुबेहूब मी! चाळीतल्या बायका काम टाकून बघायला येतात. आणि मी, जिचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे पुरुष जिना बदलतात ती मी, पिशवी खाली ठेवते आणि गुमान हाऽ करते.