देवापुढचा लाल ठिपका

बाबा आठवडाभर कचेरीत कागद सांभाळायचे आणि रविवारी कागदांना भोकं पाडायचे. आम्ही नवीन पनवेलला राहायचो. कळंबोलीच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या भातगिरणीत काही हौशी माणसांनी छर्ऱ्याच्या रायफलींचा क्लब काढला होता. एका टोकाला लाकडी बाक, दुसऱ्या टोकाला गोणपाटापुढे टांगलेले काळ्या वर्तुळाचे कागद. तिथे बाबांचा दरारा होता. त्यांचे पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, असं लोक सांगायचे आणि बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पन्नाशी उलटली आणि ते छर्रे झाकायला वाटी लागू लागली. रायफलीच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक लोखंडी दाणा, त्याला माशी म्हणतात. खाच, माशी आणि समोरचं वर्तुळ असं सगळं एका ओळीत पाहावं लागतं. बाबांना ते एकदम दिसेना. आई म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या." बाबा म्हणाले, "डोळ्यांना काही झालेलं नाही. माशी झिजलीय." लोखंडाची माशी नुसतं बघून बघून झिजते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

क्लबात उरणकडचे एक काका यायचे. कोळ्यांच्या घरातले, बोटीवर नोकरीला. एका सफरीहून येताना त्यांनी बाबांसाठी लाल ठिपक्याची नळी आणली. तिला सगळे दुर्बीण म्हणायचे, पण लांबचं जवळ आणणं तिच्या गावीही नव्हतं. रायफलीवर बसवायची अंगठ्यापेक्षा जाड नळी, आत बटणाएवढा सेल, आणि डोळा लावला की निशाणावर तरंगणारा लाल ठिपका. खाच नको, माशी नको. डोकं जरा इकडेतिकडे झालं तरी ठिपका निशाण सोडायचा नाही, ही तिची खुबी.

"भाऊ, आदीच सांगतो," काका म्हणाले, "ठिपका नुसता दाखवतो. मारायचा तुमालाच हाय. मदला बारका गोल तर तो झाकूनच टाकतो, तवा रुपयाची आस धरू नका. लिंबाएवढ्यात बसले तरी लय झाला."

आणि खरंच, छर्रे लिंबाएवढ्यात बसले. बाबांनी तो कागद घरी आणून आईच्या नाकापुढे धरला. "हे घे माझ्या डोळ्यांचं सर्टिफिकेट!"

आई अशी सहज हार मानणारी नव्हती. ती म्हणाली, "दसऱ्यानंतर तुमचा सामना आहे ना? त्यात असंच करून दाखवा, मी पुन्हा डोळ्यांचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने डॉक्टरकडे यायचं आणि तोवर स्कूटर बंद." बाबांनी पैज हसत हसत घेतली. स्कूटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज सकाळी त्याच स्कूटरवरून ते मला कॉलेजला सोडायचे.

त्या प्रवासात आमचा एक खेळ असायचा, आणि तो बाबांनीच काढलेला होता. मागे बसून मी जे जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "पंक्चरवाला... म्हशी... टेम्पो." मग बाबा विचारायचे, "येतोय की उभा आहे?" मी सांगायचे. असं बोलत राहिलं की सकाळची झोप उडते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, बाबांना माझी बडबड आवडते. घरात दुसऱ्या कुणाला ती आवडत नव्हती, म्हणून मी जरा जास्तच बोलायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडायची रीत. विळी, हातोडी, बाबांचा पाना, माझी पुस्तकं आणि मधोमध रायफल. त्या वर्षी आईने नळीच्या पुढच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं. रायफलीचं कपाळ म्हणजे तेच, असं तिने ठरवलं होतं. नुकतीच समईत वात सारली होती, त्यामुळे बोट तेलकट होतं. बाबांना तर उत्साहाचं भरतं आलं होतं. "देवापुढे समई लागते, मग हाही दिवा लागू दे," असं म्हणत त्यांनी ठिपक्याचं बटण फिरवलं. शेजारीपाजारी येऊन, वाकून वाकून ठिपका बघून गेले. पूजेत मांडलेल्या वस्तूला दसऱ्याला अक्षता टाकून हलवेपर्यंत हात लावायचा नाही, हा आईचा नियम. त्यामुळे तो दिवा तसाच राहिला. दसऱ्याला बाबांनी रायफल उचलली, वरची फुलं झटकली आणि ती खोळीत घालून ठेवली.

सामन्याच्या रविवारी मीही गेले. स्कूटरवर नेहमीचा खेळ झाला. हायवे ओलांडताना माझं लक्ष नव्या ओढणीकडे होतं, तर बाबा दोनदा म्हणाले, "अगं, बोल ना."

बाबा बाकावर बसले, त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि डोळा नळीला लावला. "आज ठिपका जरा मंद आहे," असं स्वतःशीच पुटपुटले. पहिला छर्रा कागदाच्या पार वरच्या कोपऱ्यात गेला. कुणीतरी हसलं. दुसरा गोणपाटात. तिसरा शेजारच्याच्या कागदावर. मग मात्र कुणी हसेना. हे बाबा नव्हेत, असंच मला वाटत राहिलं.

काका उठून जवळ आले. "भाऊ, ठिपका दिसतो ना?"

"दिसतोय की!" बाबा चिडून म्हणाले. "बरोब्बर मधोमध धरलाय. स्क्रू ढिला झाला असणार."

त्यांनी रायफल बाकावर ठेवली आणि कपाळ पुसत बसले. स्क्रू बघायचा म्हणून मी नळीला डोळा लावला. समोरचं वर्तुळ दिसत होतं, काचेवर कसलासा डागही होता, पण दिवा नव्हता. ठिपका नव्हताच. मी बटण मागे फिरवलं, पुढे फिरवलं. सेल केव्हाचा संपला होता. देवापुढे रात्रभर जळून विझला होता.

मग बाबांना काय दिसत होतं? मी रायफल तशीच बाकावर ठेवून पुढच्या बाजूला गेले. काचेवर आईने लावलेलं कुंकू होतं. कोरडं झडून गेलं होतं, तेलाने धरून ठेवलेला एक बारीक डाग तेवढा उरला होता. मला तो डाग वाटत होता, बाबांना दिवा. डोकं केसभर हललं की तो भलतीकडेच सरकत होता, आणि त्यामागे छर्रे रानोमाळ गेले होते.

मी ओढणीच्या टोकाने काच पुसली. का पुसली, देव जाणे. "आता बघा, बाबा."

बाबांनी डोळा लावला. रायफल जरा वर केली, जरा खाली केली. मग लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, "अगं, ठिपका गेला."

लिंबाएवढ्यात छर्रे बसले त्या रविवारी भडक लाल दिवा त्यांना दिसला होता, एवढंच त्या कागदाने सिद्ध केलं होतं. आम्ही त्यालाच डोळ्यांचं सर्टिफिकेट मानून बसलो होतो. काकांनी तोंड फिरवलं. त्यांनी रायफल खोळीत घातली आणि मुकाट्याने माझ्या खांद्याला अडकवली.

बाहेर उन्हाचा रखरखाट होता. बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"मला येत नाही चालवायला," मी म्हणाले.

"मग ढकलत नेऊ."

त्यांनी हँडल धरलं, मी मागून लोटू लागले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर बाबा थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "बोल ना गं. काय दिसतंय?"

मी मान वर करून पाहिलं. "ट्रक आहे, बाबा."

बाबांनी हँडल घट्ट धरलं. "येतोय की उभा आहे?"