पुढचा दात

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही — मॅडमना तर नाहीच. तुम्हाला का सांगून राहिलो, ते माझं मलाही नीट कळत नाही.

आमचं गाव औशाच्या अंगाला. भूकंपात शाळा पडली, पुढं पत्र्याच्या शेडात भरू लागली, पण सहावीतला मी काही परत गेलो नाही. चुलत्यामागं कामासाठी पार रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलो. तिथं मॅडम भेटल्या. डॉल्फिनचा अभ्यास करायच्या. मेलेली डॉल्फिन वाळूला लागली की तिची लांबी मोजायच्या, दात काढायच्या, त्याचा पातळ काप करून आतली वर्तुळं बघायच्या — झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षाला एक. मला सगळं त्यांनीच शिकवलं. चुकलं तर "अरे माझ्या राजा" म्हणायच्या आणि पुन्हा दाखवायच्या. माझा डबाही त्यांच्याच घरून यायचा. अशा माणसाशी कुणी खोटं बोलतं का?

एकदा त्या तापानं पडल्या होत्या आणि एक मादी किनाऱ्याला लागली. मी एकटाच गेलो. तिला दूध होतं, म्हणजे पिल्लू झालेली. भरती चढत होती, वासानं डोकं फिरलेलं. घाईत जबडा उघडला आणि दात काढला — पुढचा. का? आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरकडच्या मुरुडच्या बाजारात बैल घेताना काय करायचे? ओठ उचलून पुढचे दात बघायचे आणि वय सांगायचे — दोनदाती, चारदाती, जुळलेला. माझा हात आपसूक तिथंच गेला. मॅडमनी तर बजावलं होतं, खालच्या जबड्याच्या मधला दात घ्यायचा. पुढचा बारका, वाकडा, झिजलेला. त्यात सगळी वर्तुळं दिसत नाहीत. हे आठवलं तोवर समुद्र तिला घेऊन गेला होता.

सांगणार होतो. खरंच. पण मॅडम अंथरुणातून उठून काप बघायला बसल्या आणि त्यांचा सुकलेला चेहरा असा फुलला — "मारुती, ही तर लहान आहे रे! आणि पिल्लूही झालं?" डॉल्फिन वयात यायला बरीच वर्षं लागतात. इथल्या माद्या लवकर वयात येतात की काय, हेच त्यांच्या मनानं घेतलं. दात बारका आहे, हे त्यांनाही दिसलं. त्यांना वाटलं, जनावरच कोवळं. खरं सांगितल्यावर त्यांनी घालवून दिलं तर जायचं कुठं — हीच एक धास्ती.

इथवर ती नुसती चूक होती. पुढचं ऐका.

भाची शुभांगी लातुरात क्लासला होती. क्लासवाल्यांनी मॅडमना बोलायला बोलावलं. हॉल गच्च, पोरं जिन्यापर्यंत. पहिल्या रांगेत बहीण, दाजी, अण्णा. मॅडमनी त्या मादीची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, हे काम तुमच्याच मातीतल्या मारुतीचं. टाळ्या. अण्णांनी शेजारच्याला कोपर मारलं — "आपलं पोरगं हाय ते."

तेवढ्यात शुभांगी उठली.

"मॅडम, दात कुठला घेतलता? आमचे अण्णा म्हणतेत, दात चुकला की वय चुकलं."

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. "मामालाच विचार की!"

सगळे माझ्याकडं बघून राहिले होते. किती मायेनं! कुणाच्या मनात शंका म्हणून नव्हती. मी उभा राहिलो आणि म्हणालो — "मधला."

मॅडमनी पुढं ते लिहून छापलं. शुभांगी आता त्याच लातुरात जीवशास्त्र शिकवते. त्या मादीची गोष्ट पोरांना सांगते, मामाचं नाव घेऊन. सणाला मॅडमचा फोन येतो. जेवलास का रे, विचारतात. मी हाव म्हणतो.

ती मादी लहान नव्हती. दात पुढचा होता.