चांदबीचा खोटारडा डबा

"चाची, माझी कॅसेट मेली म्हणलात ना तुम्ही?" महानंदानं पिशवी काउंटरवर आपटली. "लातूरला झ्याक चालली! माझी आई जात्यावर ओव्या म्हणून राहिली त्यात!"

उदगीरच्या स्टेशन रोडवर तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणारी चांदबी उसळली. "लातूरवाले काहीबी दाखवतात. माझा डबा खोटं बोलत न्हाई!"

डबा म्हणजे व्हिडिओचा सिग्नल हिरव्या रेषेत दाखवणारं जुनं यंत्र. येणारी प्रत्येक कॅसेट चांदबी आधी त्याच्यावर तपासायची. रेषा थांबली तर कॅसेट चांगली. पळत सुटली तर, "मेली. फेकून द्या." टीव्हीवर लावून बघायचीसुद्धा नाही.

"मग तुमच्या निकाहची लावा की. ती तर दर ईदला बघता."

चांदबीनं दात खाऊन लावली. दिवसाच्या चित्राला रेषा गप उभी. रात्रीची वरात आली, अन् रेषा सैरावैरा पळाली.

चांदबीनं डबा उघडला. एक कपॅसिटर तपासला अन् कपाळाला हात लावला.

"सिग्नलमध्ये चित्राच्या खाली ठोके असतात, महानंदा. काळं चित्र त्यांच्या अगदी जवळ. ओळ संपली की बारीक ठोका, पडदा भरला की लांब. हे सर्किट चित्र छाटतं, ठोके तेवढे ठेवतं. त्या ठोक्यांवर रेषा थांबते. हा कपॅसिटर सुकला, छाटायची पातळी सरकली. आता अंधारालाच ठोका समजून राहिलं, मुडदं!"

"माझी आई कंदिलाच्या उजेडात बसलीय." महानंदाचा आवाज चिरका झाला. "मी विहिरीत टाकणार होते ती! अजून कोणाला फेका म्हणलात?"

चांदबीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. देवणीचे अमृतराव. सोमवारी आले होते. गेलेल्या बायकोचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच होतं त्यांच्याकडे. तिनं फोन लावला.

"अमृतराव, ती कॅसेट..."

"बंबात घातली की, बाई. तुम्हीच म्हणलात मेली म्हणून."

फोन ठेवून तिनं डब्याला अशी चापट हाणली की रेषा थरथरली. "तुला काय मारू? तू यंत्र हायस. टीव्हीवर एकदा लावून बघायला माझे हात झडले होते का?"

कपॅसिटर बदलायला पाच मिनिटं लागली. वरात पुन्हा लावली. रेषा जागची हलली नाही.

"झाला नीट?"

"डबा झाला." चांदबीनं शटर खाली ओढलं.

"आता कुठं, चाची?"

"देवणीला. फोनवर लई गोड बोलला तो माणूस, माझा डबा खोटा होता हे त्याला अजून ठाऊकच न्हाई. मला शिव्या द्यायच्या असतील, तर तोंडावर देऊ दे."