पात्याच्या सांध्यातलं खोबरेल

ती केस आठवली की आजही माझी मान ताठ होते, आणि मग जरा खालीही जाते. दोन्हींची कारणं सांगतो. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

२०१७चा हिवाळा होता. मी कॅनडात, एटोबिकोच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह होतो. पोलीस ठाण्यात एक फिलिपिनो आजी आल्या, सोबत चाळिशीतला मुलगा. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, इथे ते आपल्या भाषेत देतो. आजींनी टॉवेलमध्ये गुंडाळलेली नागमोडी पात्याची तलवार टेबलावर ठेवली. त्यांच्याकडे तिला क्रिस म्हणतात. नवऱ्याच्या घराण्यात ती चार पिढ्या होती. मूठ हलायला लागली म्हणून त्यांनी ती शेजारच्या वॉन शहरातल्या जुन्या हत्यारांच्या एका दुकानात दुरुस्तीला दिली होती आणि नुकतीच परत आणली होती.

"मूठ माझी आहे, म्यान माझं आहे," आजी म्हणाल्या. "पातं माझं नाही."

मुलाने मला बाजूला घेतलं. "ऑफिसर, सॉरी. शी इज गेटिंग कन्फ्यूज्ड. सीनियर्स होममध्ये पुढच्या महिन्यात रूम मिळतेय. मी फॉर्म भरलाय, पण ती ऐकत नाही."

मी समजूतदारपणे मान हलवली. पडताळून बघायला त्यांच्या घरात म्यानाबाहेरच्या पात्याचा एखादा जुना फोटोही नव्हता. पण तक्रार आली की जबाब घ्यायचाच, म्हणून घ्यायला बसलो.

"पातं बदललंय हे कशावरून म्हणता?"

"माझ्या पात्याला थंडीत पांढरा दोरा यायचा. मुठीजवळ रेघ असते ना, तिच्यात. दर जानेवारीत मी तो टूथपिकने काढायचे. एकदा टूथपिकचं टोक आतच मोडलं, तेव्हा नवरा केवढा चिडला होता! ह्या पात्याला दोरा येतच नाही."

मुलाने डोळे मिटून घेतले. "मा, प्लीज. लोखंडाला कधी दोरा येतो का?"

मलाही तसंच वाटलं. नोंद पुरी करायची म्हणून विचारलं, "पात्याला लावता काय?"

"खोबरेल. दुसरं काय लावणार?"

माझं पेन थांबलं. आमच्या घरी खोबरेलाची बाटली डिसेंबरात दगड होते. बायको ती हीटिंगच्या गरम हवेच्या जाळीवर ठेवते, तेव्हा कुठे ते केसांना लावता येतं. फटीत मुरलेलं तेल थंडीने गोठलं, तर ते पांढऱ्या दोऱ्यासारखंच दिसणार. पण लोखंडात फट असते का, हे मला ठाऊक नव्हतं.

सस्काटूनला माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते. मूळचे नागपूरचे, विषय धातुशास्त्र आणि वेड जुन्या हत्यारांचं. त्यांना फोन लावला.

"अरे बाप्पा, असते ना फट!" ते म्हणाले. "जुन्या क्रिसचं पातं आणि त्याचं रुंद बूड हे दोन वेगळे तुकडे. मधे खरा सांधा. नंतरच्या कारागिरांनी अख्खं पातं एकाच तुकड्यात करून वर नुसती रेघ कोरली. मॅग्निफायर लावून बघ, रेघ आत जाते की वरच थांबते."

बघितलं. रेघ वरच थांबत होती. मी लगेच फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"हे नवं आहे, शंभर टक्के. आणि ऐक, मला गेल्या आठवड्यात वॉनच्या एका दुकानदाराने ईमेल केलाय. जुनं पातं, नवी मूठ, घेता का म्हणून. दुकानाचं नाव सांगू?"

दुकान तेच निघालं. वॉरंट काढलं, वॉनचे पोलीस सोबत घेतले आणि ते पातं जप्त केलं. आमच्या फॉरेन्सिकवाल्या बाईंनी कॅमेरा चालू ठेवून सांध्यावर हेअर ड्रायर धरला. हळूहळू पिवळं तेल पाझरलं आणि तेलाबरोबर लाकडाची एक बारीक ढलपी बाहेर आली. पातं बर्फाळ खिडकीशी ठेवलं, तर थोड्याच वेळात सांध्यात पांढरा दोरा उमटला. बाई समोर नसत्या तर मी टुणकन उडीच मारली असती.

दुकानदार चौकशीला आला तो अगदी हसतमुख. खोटं बोलणाऱ्याला मधे अडवू नये, हे मी नोकरीत लवकर शिकलो. त्याला मनसोक्त बोलू दिलं.

"ती लेडी कन्फ्यूज्ड आहे, ऑफिसर. मुलालाच विचारा. हे पातं मी इस्टेट सेलमध्ये घेतलं. दोन वर्षं माझ्याकडे आहे."

"साफ कुणी केलं?"

"मीच. ब्रश आणि सॉल्व्हंट, दुसरं काही नाही."

"टूथपिक वगैरे?"

तो मोठ्याने हसला. "टूथपिक मी जेवणानंतर वापरतो."

मी ढलपीचा फोटो त्याच्यापुढे ठेवला, शेजारी आजींचा जबाब. जबाबावरची तारीख जप्तीच्या आधीची होती. त्याने तो दोनदा वाचला आणि वकील मागितला. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

ही झाली मान ताठ होण्याची गोष्ट. खाली जाते ती यासाठी, की पहिल्या दिवशी मी आजींवर विश्वास ठेवला नव्हता. मुलगा माझ्याच वयोगटातला, नीटनेटका, माझ्यासारखाच घाईत असलेला. त्याचं म्हणणं मला आपोआप खरं वाटलं. दुकानदारही ह्याच भरवशावर होता. लोक मूठ आणि म्यान बघून वस्तू ओळखतात आणि म्हाताऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही, असा त्याचा हिशेब. तो आमच्यामुळे जवळजवळ बरोबर ठरला होता, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जबाब देणाऱ्याशी आधी बोललो आणि त्याच्या नातेवाइकांशी नंतर.

कोर्टाचं काम संपल्यावर पातं परत न्यायला मायलेक आले. मी आजींच्या हातात अंतिम अहवालाची प्रत दिली. त्यांनी ती मुलाकडे दिली.

"वाच. मोठ्याने."

काउंटरवर चार माणसं ताटकळत होती. त्याने वाचलं, "तक्रारदार महिलेचा जबाब प्रत्येक तपशिलात खरा ठरला."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. "मा, आय अ‍ॅम सॉरी," तो म्हणाला. आजींनी कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पातं छातीशी धरलं.

"आता त्या होमला फोन लाव," त्या म्हणाल्या. "माझी रूम दुसऱ्या कुणाला द्यायला सांग."

त्याने तिथेच, आमच्या काउंटरवरून, फोन लावला.